रुमालाखालची मायावती

८ नोव्हेंबर

ही वही धनश्रीनं पाठवली. सोबत पेन आणि चिठ्ठी : ‘नाना, रोज चार ओळी लिहा. बाजार सुटला म्हणून आईच्या डोक्यावर बसू नका.’ लेक पुण्यात ताऱ्यांचा अभ्यास करते. डॉक्टर झालीय, पण सुई टोचणारी नव्हे. गावात अजून लोक तिला पोटदुखीवर औषध विचारतात.

तर मी भागवत. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात चाळीस वर्षं दलाली केली. आमच्याकडं दलालाला हेडी म्हणतात. भागवत हेडीचा डोळा म्हणजे काटा, हे नेवाशापासून मिरजगावापर्यंत कुणालाही विचारा. म्हैस लांबून चालत येताना बघितली की दूध किती देईल ते सांगायचो. आता दोन्ही गुडघे गेले. दोन महिने झाले, बाजारात पाऊल नाही. डोळा मात्र शाबूत आहे, आणि तो घरात बसून भिंतीवरच्या पाली मोजतोय.

हिनं, म्हणजे पुष्पावतीनं, चहा आणला. “काय लिवताय?” म्हटलं, तुझ्या तक्रारी. म्हणाली, “मग एवढी वही पुरायची न्हाई.”

१० नोव्हेंबर

काम मिळालं! धनश्रीचा फोन. तिला डोळेवाली माणसं पाहिजेत.

आकाशात मायावती नावाचा तारा आहे. दिसतो एक, पण आहेत दोन. एकमेकांभोवती पावणेतीन दिवस आणि वर तीनेक तासांत एक फेरी मारतात. इतके जवळ, की भल्याभल्या दुर्बिणींतून बघितलं तरी एकच ठिपका. त्यातला मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या पुढं आला की मायावती काही तास फिकी पडते आणि परत उजळते. हे ताऱ्याचं ग्रहण. ते नेमकं किती वाजता सगळ्यात फिकं होतं, ते जागोजागचे लोक नुसत्या डोळ्यांनी टिपून पाठवतात. त्यावरून म्हणे या जोडीतला माल एकाकडून दुसऱ्याकडं कसा जातोय ते कळतं.

“एक पूर्ण ग्रहण नीट टिपलं की निरीक्षकांच्या यादीत नाव,” धनश्री म्हणाली. “पण डिसेंबर संपायच्या आत. आणि नाना, अंदाज लावावा लागतो. शेजारचे दोन तारे धरायचे, एक जास्त तेजस्वी, एक कमी. मायावती त्या दोघांत कुठं बसते ते सांगायचं.”

अंदाज! चाळीस वर्षं दुसरं काय केलं मी? यादीत नाव लागलंच म्हणून समजा. हिलाही घे म्हणाली, दोन माणसं असली की बरं. म्हटलं घेतो, तेवढाच तिला विरंगुळा.

एक अट मात्र आहे. एकाचा आकडा दुसऱ्याला कळता कामा नये, नाहीतर मन वळतं. मी म्हटलं, पोरी, हे तू मला शिकवतेस? बाजारात सौदा कसा होतो? रुमालाखाली हात, बोटांनी बोली, बाजूचा माणूस नुसता बघत बसतो.

१३ नोव्हेंबर

आज पहिलं ग्रहण. आठच्या सुमारास सगळ्यात फिकी होणार होती. अंगणात बाज टाकली. शर्मिष्ठेचे पाच तारे मोडक्या खुर्चीसारखे दिसतात, त्यांच्या खाली ययाती, त्यात मायावती. हिनं मला बोट धरून दाखवली. मला जरा वेळ लागला, कारण रस्त्याच्या त्या नव्या दिव्यांनी नुसता वैताग आणलाय. एकेका दिव्याला मोठमोठ्या कड्या पडतात. ग्रामपंचायतीनं हलका माल आणलाय.

पद्धत अशी ठरली. तेजस्वी तारा म्हणजे मूठ, फिका तारा म्हणजे पाच बोटं. दर पाव तासानं दोघांनी रुमालाखाली बोटं लावायची, मग रुमाल काढून दोन्ही आकडे लिहायचे. पहिल्या खेपेला मी दोन, ही चार. पुढं मी तीन, ही साडेचार, एक बोट मुडपून. ती चुकतेय म्हणून मी लई समजावलं. म्हणाली, “व्हय, तुमचंच बराबर असंल,” आणि परत आपलेच आकडे लावले.

मजा आली पण. ऊस तोडायला आलेली, पाचटाच्या कोप्यांत राहणारी माणसं रस्त्यानं जाताना थांबली. म्हातारा-म्हातारी रुमालाखाली हातात हात घालून आभाळाकडं बघतात म्हणून एक बाई तोंडाला पदर लावून हसली. हसू दे.

१७ नोव्हेंबर

हिचे आकडे बसले. ग्रहण सात पंचावन्नला, धनश्रीच्या गणितापासून मिनिटाचा फरक. पुष्पावतीचं नाव यादीत लागलं.

माझे आकडे ‘बाजूला ठेवलेत’ असं धनश्री म्हणाली. बाजूला म्हणजे कुठं, विचारलं. तिनं माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

जेवण गेलं नाही. एका बाईला, जिनं जन्मात बाजार बघितला नाही, तिला जमतं आणि मला नाही? तिचा काय संबंध नजरेशी? गुरुवारी संध्याकाळी बाजाराला निघालेली जनावरं आमच्या अंगणात मुक्कामाला थांबायची, त्यांना वैरण-पाणी करणं एवढंच तिचं काम. मला तो तांबडा खिलार आठवतो. दिसायला राजा. रात्री भाकरी वाढताना ही म्हणाली होती, त्यो पाणी पिताना डावा पाय उचलून धरतोय. आणि सकाळी भर बाजारात मी एका नजरेत ओळखलं, बैल डाव्या पायात अधू आहे! लोक थक्क झाले. ती नजर ‘बाजूला ठेवली’.

हवा फार धुरकट होती त्या दिवशी, कारण तेच.

२४ नोव्हेंबर

धनश्रीनं आज कोडं घातलं. मोठे वजनदार तारे लवकर म्हातारे होतात, हलके सावकाश. हा नियम. पण मायावतीच्या जोडीत उलटं आहे. वजनदार तारा जवान, आणि हलका तारा म्हातारा, फुगलेला, थंडावलेला. दोघं जन्मले एकाच वेळी. मोठमोठ्या लोकांनी यावर डोकं खाजवलं म्हणे.

मी डोळे मिटले आणि जोडी दावणीला बांधलेली बघितली. जनावराचं वय दातावर कळतं, अंगावर नाही. एकाचे दात जुळलेले, म्हणजे वयानं पक्का, पण अंगानं खंगलेला. दुसरा अंगानं दांडगा, आणि दुधाचे दातसुद्धा पडलेले नाहीत. एका वेळची जोडी अशी कशी होईल?

“अगं सोपं आहे,” मी म्हटलं. “आधी म्हाताराच दांडगा असणार. त्यानं आपल्या गव्हाणीतलं दुसऱ्याला खाऊ दिलं.”

धनश्री पलीकडून ओरडलीच, “नाना! अहो अगदी हेच उत्तर आहे!” आधी वजनदार होता तोच म्हातारा झाला, फुगला, आणि इतका जवळ जोडीदार असल्यामुळं त्याचा बाहेरचा माल वाहत जोडीदाराकडं गेला. देणारा हलका होत गेला, घेणारा भारी आणि तेजस्वी. आता सगळ्या जगाला घेणाराच दिसतो. देणारा आहे हे कळतं कधी, तर तो पुढं येऊन उजेड अडवतो तेव्हाच.

इतका आनंद झाला की हिला दोनदा सांगितलं. ही भाकरी थापत होती. म्हणाली, “बिचारा.” कोण बिचारा, ते मला कळलं नाही. तव्यावरची भाकरी मात्र पहिली मला वाढली, तिची शेवटची करपली.

२७ नोव्हेंबर

मला मायावतीचे दोन तारे दिसले! नुसत्या डोळ्यांनी! एक ठळक, त्याला चिकटून जरा खाली दुसरा पुसट. डावा डोळा झाकला तर अजून स्वच्छ. दुर्बिणींना जमलं नाही ते भागवत हेडीच्या उजव्या डोळ्यानं केलं. बाजूला ठेवा म्हणावं आता.

२८ नोव्हेंबर

शुक्रवार. टेम्पोत बसून बाजारात गेलोच, गुडघे गेले खड्ड्यात. सहादेव भेटला. चाळीस वर्षांचा माझा वैरी आणि सोबती, तोही हेडी. सगळ्यांसमोर त्याला सांगितलं. तो म्हणाला, “दोन दिसले? काल रातच्याला काय घेतलं हुतं का?” पण बाकीच्यांनी माना डोलावल्या. चहा झाला. लई दिवसांनी माणसात आल्यासारखं वाटलं.

धनश्रीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “नाना, डोळे शेवटचे कधी तपासले?” मी मोठ्यानं हसलो. डोळे तपासावेत कमी दिसणाऱ्यांनी. मला जास्त दिसतंय.

३ डिसेंबर

आज ग्रहण साडेनऊच्या पुढं. उद्या दत्तजयंती, म्हणजे चंद्र जवळजवळ पुरा आणि मायावतीच्या शेजारीच. थंडी मरणाची. दोघं एका गोधडीत.

खरं लिहायचं तर लिहितो, ही वही कोण बघतंय. माझा आकडाच ठरेना. तारा कधी एक, कधी दोन, कधी नुसता कापूस. रुमालाखाली हिची बोटं आधी येऊन थांबली होती. चार. माझ्या तळहाताला लागली. मी पण चार लावली. पुढच्या वेळी पण तिची आधी आली. बाजारात याला चोरी म्हणतात, आणि असं करणाऱ्याच्या रुमालाखाली नंतर कोणी हात घालत नाही.

पण यादीत नाव पाहिजे. बाजारात सांगून बसलोय.

५ डिसेंबर

धनश्रीचा फोन. “नाना, एकोणीस आकडे आणि एकोणीसच्या एकोणीस आईसारखे? दोन माणसांचे डोळे कधीच इतके जुळत नाहीत.”

मी चिडलो. म्हटलं, चाळीस वर्षांचा संसार आहे, जुळले! फोन ठेवला. मग लाज वाटली. लेकीला खोटं बोललो, तेही तिच्याच कामात.

६ डिसेंबर

संध्याकाळी साडेसहाला ग्रहण होतं, पण मी बाज टाकली नाही. ही येऊन ओट्यावर शेजारी बसली. साडेसातला चंद्र वर आला.

“अहो, चंद्र किती दिसत्यात?”

“काय विचारतेस? दोन,” मी बोलून गेलो. एक ठळक, त्याला चिकटून जरा खाली दुसरा पुसट.

ही म्हणाली, “चंद्राची बी जोडी हाय का वो मग?”

पहिल्यांदा मला हसू आलं, तिलाही आलं, आणि आम्ही दोघं इतके हसलो की शेजारची कुत्री भुंकायला लागली. मग माझं हसणं थांबलं. दिव्यांच्या कड्या, कापूस, दोन तारे. सगळं एकदम आलं ध्यानात. भीती वाटली. गुडघे गेले ते सोसलं. डोळा गेला तर भागवतमधलं उरलं काय? हिला तसं म्हणालोसुद्धा. तिनं माझ्या डोक्यावरची टोपी नीट केली आणि म्हणाली, “सोमवारी नगरला जाऊ.”

९ डिसेंबर

काल नगरला जाऊन आलो. मोतीबिंदू. उजवा पुरता पिकलाय, डाव्यात सुरुवात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आजोबा, एकाचे दोन दिसतात ते यामुळंच. इतके दिवस गाडीखाली कसे आला नाहीत?” मी म्हटलं, मी आभाळात बघत होतो. पंधराला ऑपरेशन. पंधरा मिनिटांचं काम आहे म्हणे, घाबरायचं कारण नाही. मी घाबरलोय.

१२ डिसेंबर

बाजार उरकून सहादेव घरी आला. त्याला सगळं खरं सांगून टाकलं, दोन तारे म्हणजे काय ते. वाटलं आता हा गावभर दवंडी पिटणार. तो नुसता हसला.

“भागवत, तुझ्या डोळ्याचं आमाला काय नवं हाय? शुक्रवारी सौदा पक्का करायच्या आधी तू न्याहारीचं निमित्त करून घरी पळायचास. मागारी आलास की जनावराचा बारीकसारीक दोष सांगायचास. आमी आपसात म्हनायचो, गेला बघा वहिनींना विचारायला.”

मी म्हटलं, चल, काहीतरीच. तो म्हणाला, “आठव की.”

तो गेल्यावर आठवत बसलो. तांबडा खिलार. म्हसवडची ती म्हैस. संगमनेरच्या पार्टीची गाय, जिचा एक सड बंद होता. प्रत्येक वेळी आधी हिचं एक वाक्य आहे. भाकरी वाढताना, नाहीतर तांब्या भरताना. मी ते ऐकलं नाही असं समजत होतो, आणि सकाळी तेच माझ्या तोंडातून निघायचं. चाळीस वर्षं! देणारा कोण, घेणारा कोण, कोडं मीच सोडवलं आणि मलाच कळलं नव्हतं. मेल्या, आंधळा तू आत्ता झालास होय?

उठून हिच्याबरोबर भांडी घासू लागलो. “ताप हाय का अंगात?” म्हणाली.

१६ डिसेंबर

पट्टी काढली!

रंग किती आहेत जगात! भिंत पिवळी नाही, पांढरीच आहे. दवाखान्यातल्या पंख्याला तीन पाती, तीनच. दारात ही उभी होती, हिरव्या लुगड्यात. कपाळावर आठ्या, डोळ्यांखाली जाळी, कानाशी सगळे केस पांढरे. कधी झालं हे सगळं? मी बघतच राहिलो. “असं काय बघताय, वळखू येईना का?” म्हणाली. म्हटलं, आत्ता कुठं येतेय.

डॉक्टरीणबाईंनी काळा गॉगल दिलाय. सहादेव म्हणतो, तमाशाचा मालक दिसतोस.

१९ डिसेंबर

लेकीची माफी मागितली, बोटांची चोरी सांगितली. ती रागावली नाही. २६ तारखेला पुढचं ग्रहण, सव्वाआठच्या आत, म्हणजे चांगल्या वेळेचं शेवटचं. त्यात जमलं तर नाव, नाही तर नाही.

मी एकच विचारलं, “त्या जोडीचं पुढं काय होतं गं? देणारा असाच झिजत जातो का?”

“नाही नाना. आता जो भारी झालाय, तोही एक दिवस म्हातारा होऊन फुगणार. मग त्याचा माल उलटा वाहायला लागेल, पहिल्याकडं.”

बरं वाटलं ऐकून. लई बरं वाटलं.

२६ डिसेंबर

शुक्रवार. आज हिला बाजारात नेलं. घोडेगावात चाळीस वर्षं राहून पहिल्यांदा. आधी “बाया काय करत्यात तितं” म्हणून अडून बसली, मग ठेवणीतलं लुगडं नेसली. एक शेतकरी गाय घ्यायला आला होता, माझ्याकडं बघायला लागला. मी गॉगल काढला नाही. म्हटलं, “यांना विचारा. माझा डोळा म्हणजे ह्याच.” सहादेवनं टोपी काढून हातात घेतली, बेट्यानं.

हिनं गायीभोवती एक फेरी मारली, पाठीवर हात फिरवला, पाण्याची बादली मागितली. गाय पिईपर्यंत सगळा घोळका पुढं सरकला. मग म्हणाली, “घ्या. गरीब हाय, दूध बी चांगलं देईल. पन उजव्या शिंगाला हात लावू नका, तितं कुनीतरी मारलंय तिला.” गायीच्या मालकाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

संध्याकाळी बाज टाकली. मायावती पार डोक्यावर, म्हणून दोघं उताणे झोपलो, मध्ये रुमाल. तारा एक! एकच, टाचणीच्या टोकाएवढा. मला रडू आलं, पण डोळ्यात औषध होतं म्हणून आवरलं.

पहिला आकडा मी आधी लावला, तिच्या बोटांची वाट न बघता. माझे दोन, तिचे अडीच. मग माझे साडेतीन, तिचे तीन. कधी ती पुढं, कधी मी. अकराला उठलो. धनश्रीनं लगेच गणित केलं : आईचं ग्रहण आठ वाजून पाचला, माझं आठ बाराला, तिचं स्वतःचं आठ नऊला. “नाना,” ती ओरडली, “किती छान चुकलात दोघं! वेगवेगळे चुकलात! लागलं नाव यादीत!”

मी म्हटलं, माझं नाव आईच्या खाली लिही.

२७ डिसेंबर

मी पुष्पावती. वही उशाखाली ठेवत्यात आणि समजत्यात मला म्हाईत न्हाई. सातवी पास हाय मी.

पालीचं पयलं पान वाचून लई हसले. दोन तारे वाचून काळजी वाटली, म्हनून तर चंद्र इचारला.

एक लिवायचं राहिलं. त्या थंडीच्या रात्री यांनी माझी बोटं चोरली न्हाईत. यांना दिसंना, हे मला कळलं हुतं. म्हनून मीच आधी लावून धरत हुते, चांगली दाबून, म्हंजी लागावीत हाताला. भाकरी वाढताना बोलायचे, तसंच.

काल बी आधी लावायला गेले, तर यांची बोटं तितं अगुदरच येऊन बसलेली. दोन. गरम हुती. मला अडीच लावायला उशीर झाला, तो त्यामुळं झाला, हे धनश्रीला कळवावं.